धीम्याच्या नावाखाली

आजूबाजूच्या गोठ्यांवर त्यांना सगळे वंशावळबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि बाईंना त्याचा राग नव्हता. कोणत्याही गाईपाशी उभं करा, तिची आई कोण, आजी कोण, पणजीचा मागचा डावा सड कसा आखूड होता, सगळं त्या घडाघडा सांगत. लग्नाला गेल्या तरी म्हणे आधी नवरीच्या आईची चाल बघून येत. ही थट्टा त्यांच्या नवऱ्यानेच पसरवली होती आणि ती अगदीच खोटी नव्हती.

गोठा काही फार मोठा नव्हता. दोन ओळींत सोळा गाई, मधून सिमेंटची वाट, एका टोकाला दूध थंड करायची टाकी, दुसऱ्या टोकाला वासरांचा कप्पा. सगळा कळप एकाच गाईपासून निघालेला. थोरली तिचं नाव. थोरलीची तेरा वेतं झाली. दिवसाला अठरा लिटरच्या वर ती कधी गेली नाही, पण वेळेवर माजावर यायची, एका खेपेत गाभण राहायची, आणि व्याली की तासाभरात उठून वैरणीला तोंड लावायची. सोळाव्या वर्षी एका दुपारी गव्हाणीवर मान ठेवून बसली ती उठलीच नाही. कास शेवटपर्यंत गुडघ्यांच्या वर होती. हे बाई इतक्या अभिमानाने सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं त्या आपल्या सासूबद्दलच बोलतायत.

बाईंचा हिशेब साधा होता. कालवड वाढवायला अडीच वर्षं लागतात, तोवर ती नुसती खाते. पहिल्या दोन वेतांत कुठे ती आपलं खाणं भरून काढते. घराला खरं सुख तिसऱ्या वेतापासून. मग जी तिसऱ्या वेतालाच गळते, तिचे तीस लिटर काय चाटायचेत? म्हणून वळू निवडताना त्या दुधाचा आकडा सगळ्यात शेवटी बघत. आधी विचारत, याच्या लेकी किती वर्षं टिकल्या? पाय सरळ आहेत का? कास वर बांधलेली आहे का? आणि या सगळ्यात उतरलेला एकच वळू त्यांना सापडला होता. पैदास केंद्राच्या यादीत त्याचा नुसता क्रमांक होता. बाईंनी त्याचं नाव ठेवलं धीमा. धीम्याच्या लेकी दूध बेताचं देत, पण नऊ-दहा वेतं सहज काढत.

या कामात त्यांचा उजवा हात म्हणजे कांडीवाला. मोटारसायकलच्या मागे नायट्रोजनचा डबा बांधून तो गोठोगोठी फिरे. डब्यात वळूंचं वीर्य गोठवून भरलेल्या बारीक कांड्या असत. गाय माजावर आली की निरोप जायचा, तासा-दोन तासांत फटफट ऐकू यायची. तो नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे तो बाईंना वहिनी म्हणे आणि बाई त्याला भाऊजी. बावीस वर्षं तो या गोठ्यात येत होता. वळूंवरून दोघांची दरवेळी जुंपायची.

"वहिनी, तुम्ही गाई पाळताय की वृद्धाश्रम चालवताय?" तो म्हणे. "त्या झंझावात वळूच्या लेकी बघा एकदा. पहिल्या वेताला अठ्ठावीस, तीस लिटर."

"आणि चौथ्या वेताला कुठे असतात त्या? पत्ता सांगा, भेटून येते."

नवरा मध्ये बसून दोघांचा चहा थंड होताना बघत असे. तो दहा वर्षांपूर्वी गेला. आजारपणात भाऊजी रोज यायचे. शेवटच्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बाई मटकन बसल्या, तेव्हा त्यांना हाताला धरून खाली आणणारे तेच. त्यानंतर बाईंनी त्यांच्याशी वळूंवरून भांडणं कमी केलं. गाय माजावर आली की एवढंच सांगायच्या, "भाऊजी, धीमा." भाऊजी डब्यातून कांडी काढत, कोमट पाण्यात सोडत, पुसून घेत आणि मोठ्याने म्हणत, "घ्या, धीमा." कांडीवरची अक्षरं मुंगीएवढी. बाईंचं सगळं लक्ष गाईचं शेपूट धरण्यात. चष्मा घरात.

नवरा गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी ज्या कालवडी जन्मल्या, त्या वेगळ्याच निघाल्या. उंच, लांब मानेच्या, कंबरेची हाडं वर आलेल्या. व्याल्या आणि दुधाचा पूरच आला. एक अठ्ठावीसवर गेली, दुसरी एकतीसवर. गोठेवाले बघायला येऊ लागले. दूध संघाच्या कार्यालयात बाईंचा फोटो लागला, शेजारी गाय, गाईच्या शिंगांना नसलेलं तेज बाईंच्या चेहऱ्यावर. बाईंना वाटलं, इतक्या वर्षांच्या निवडीचं हे फळ. टिकाऊपणाच्या वाटेने चालत गेलं की दूधही आपोआप येतं, हे आपण सिद्ध केलं.

"तुमच्या हाताचा गुण, वहिनी," भाऊजी म्हणाले.

त्याच सुमारास मुलाचं लग्न झालं. मुलगा दुधाचा टँकर चालवायचा, पहाटे जायचा तो संध्याकाळी यायचा. सून गोठ्यात पडली आणि रमली. हात हलका, आवाज हळू. नवखी गाय धारेच्या यंत्राला लाथ मारायची, ती सुनेने मानेखाली खाजवलं की पान्हा सोडायची. बाईंनी धारेचं काम निर्धास्तपणे तिच्यावर सोपवलं.

मग गाई ढासळायला लागल्या. पहिली लंगडली. दुसरीची कास सुजली, उतरली, पुन्हा सुजली. तिसरी पाच वेळा भरवली, पाचही वेळा उलटली, गाभण राहिलीच नाही. दुधाला कमी नव्हती कोणी, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेताला एकेक करून गाडीत चढवावी लागे. दोन वर्षांत सात गाई गेल्या. थोरलीच्या वंशातली गाय सहाव्या वर्षी गोठ्याबाहेर जाते, हे बाईंच्या डोक्यात बसेना. त्यांनी वैरण बदलली, मुरघास बदलला, जमिनीवर रबराच्या चटया टाकल्या. काही फरक पडेना, तेव्हा त्यांची नजर माणसांकडे वळली.

ती सकाळ बाईंना नंतर फार वेळा आठवली. गोठ्यातली सगळ्यात देखणी गाय ताप घेऊन उभी होती, कासेचा मागचा अर्धा भाग दगडासारखा. भाऊजी दुसरी एक गाय भरवून नळावर कोपरापर्यंत हात धूत होते.

"यंत्र लावून तू विसरतेस," बाई सुनेला म्हणाल्या. "रिकाम्या सडाला ते ओढत राहतं. मग काय होणार?"

"नाही हो आई. मी बाजूलाच उभी असते. ह्यांच्या कासाच खाली आल्यात. सड बघा ना, जमिनीला टेकायचेच बाकी आहेत. यंत्र नीट बसतच नाही."

"धीम्याच्या लेकी आहेत त्या. धीम्याच्या लेकींच्या कासा खाली येत नाहीत."

"पण आल्यात ना. तुम्ही वाकून तरी बघा."

"मला शिकवतेस तू? तू या घरात यायच्या आधी माझ्या एका गाईची कास कधी सुजली नव्हती." बाई नळाकडे वळल्या. "भाऊजी, तुम्हीच सांगा हिला."

भाऊजींनी नळ बंद केला. रुमालाने एकेक बोट पुसलं. मग म्हणाले, "होतं असं, वहिनी. नव्या हाताला सवय लागायला वेळ जातो."

सुनेने त्यांच्याकडे बघितलं, मग बाईंकडे. डोळे भरून आले होते. बादली धुतली, पालथी घातली आणि आत गेली. महिनाभराने मुलाने शहरात दोन खोल्या बघितल्या. जाताना सुनेने बाईंना वाकून नमस्कार केला. तो बाईंना शिवीसारखा लागला.

दोन वर्षं बाईंनी एकटीने, एका बाईमाणसाला मदतीला घेऊन, गोठा ओढला. गाई तरीही सुजतच होत्या, लंगडतच होत्या. आता धारेला बाई स्वतः होत्या, पण आपण चुकलो असू असं त्यांच्या मनात आलं नाही. सुनेने सुरुवातीलाच बिघडवून ठेवलं, असं त्या म्हणत.

मग एक दिवस पैदास केंद्राची डॉक्टरीण आली. तरुण होती, पायात गमबूट, हातात पाकिटांचा गठ्ठा. गाई किती वर्षं टिकतात आणि का टिकत नाहीत, याचा केंद्र अभ्यास करत होतं. त्यासाठी शेपटीचे मुळासकट केस हवे होते. बाईंनी आनंदाने अकरा गाईंचे केस दिले, प्रत्येकीचं कुळ तोंडपाठ सांगितलं, वर चहा पाजला.

तीन महिन्यांनी डॉक्टरीण परत आली. या वेळी तिने चहाला नको म्हटलं आणि ओट्यावर बाईंच्या शेजारी बसली.

"मावशी, तुमच्या नोंदीत अकराही गाईंचा बाप एकच आहे."

"धीमा. हो."

"दोघींचा आहे. त्या दोन म्हाताऱ्या, दाराजवळच्या. बाकी नऊ जणींचा बाप तो नाही."

बाई हसल्या. "पाकिटं बदलली असतील गं तुमची."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून पुन्हा करून बघितलं. नऊच्या नऊ झंझावाताच्या लेकी आहेत. आया तुम्ही सांगितल्या त्याच, एकही चूक नाही. बाप तेवढा वेगळा." तिने केंद्राचा कागद बाईंच्या हातात दिला. "मावशी, धीम्याच्या कांड्या नऊ वर्षांपूर्वीच संपल्या. वळू मेला, साठा संपला. केंद्राने सगळ्या रेतनवाल्यांना तसं कळवलं होतं."

बाईंनी पदराने ओटा पुसला. तो स्वच्छच होता. समोर वासरांच्या कप्प्यात एक कालवड दोरी चघळत उभी होती. उंच, लांब मानेची. आठ वर्षं त्या ही मान बघत होत्या, आणि थोरलीच्या घरात अशी मान कुठून आली हे त्यांनी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. दूध आलं होतं ना.

"म्हणजे गाई त्याच्यामुळे गेल्या," त्या म्हणाल्या.

"सगळं त्याच्यावर टाकता येणार नाही. आयुष्य रक्तातून थोडंच उतरतं, बाकी सांभाळ, जागा, खाणं. पण कासेची ठेवण, पायांची ठेवण, ही बरीच बापाकडून येते. झंझावाताच्या लेकींचं दूध कासेला पेलत नाही. कास उतरली की यंत्र बसत नाही, यंत्र बसलं नाही की सूज. आणि खाल्लेलं सगळं दुधात जातं, म्हणून गाभणही लवकर राहत नाहीत. हे आता सगळीकडे दिसतंय."

यंत्र बसत नाही. हे तीन शब्द बाईंनी आधी कुठे ऐकले होते, ते त्यांना लगेच आठवलं. आणखीही एक आठवलं. भाऊजी रिकामी कांडी कधी गोठ्यात टाकत नसत. पुसून खिशात घालत. "कचरा नको तुमच्या गोठ्यात," म्हणत. बाई सगळ्यांना सांगायच्या, बघा, माणूस किती टापटिपीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळची धार आटोपून त्या कांडीवाल्याच्या घरी गेल्या. दोन गल्ल्या पलीकडे घर. दारात ती मोटारसायकल, आत पलंगावर गुडघ्याला पट्टा बांधून भाऊजी. त्यांची बायको स्वयंपाकघरात काहीतरी निवडत होती. बाईंनी केंद्राचा कागद पलंगावर ठेवला.

भाऊजींनी तो वाचला. वाचायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ हातात धरला.

"वहिनी, हे त्यानेच सांगितलं होतं मला," ते शेवटी म्हणाले. "शेवटच्या दिवसांत. म्हणाला, मी गेल्यावर हिचं अठरा लिटरवर कसं भागायचं? ती ऐकणार नाही, तू गुपचूप बदल. मी शब्द दिला होता."

नवऱ्याने? ज्याने थोरलीला अंगणात पुरताना लहान मुलासारखं रडून घेतलं, त्याने? गेलेल्या माणसाला विचारायला जायचं कुठे?

"खोटं बोलू नका."

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. भाऊजींची बायको उंबऱ्यावर उभी होती, हातात ताट तसंच. "गेलेल्या माणसाच्या नावावर घालू नका. मला तेव्हाच सांगितलं होतंत तुम्ही. म्हणालात, कांड्या संपल्यात, आता दाखवतोच वहिनींना. मी म्हटलं, विचारून करा. नाही केलंत." ती बाईंकडे वळली. "आणि मीही तुम्हाला सांगितलं नाही. आठ वर्षं. माझंही चुकलंच."

भाऊजींची मान खाली गेली. मग ते बोलले, भिंतीकडे बघत. "मला वाटलं, एका वेताचं दूध दिसलं की तुमचं मत बदलेल. तेव्हा हसत हसत सांगेन. बावीस वर्षांत एकदा तरी माझं खरं निघेल. पण तुम्ही धीम्यालाच नावाजायला लागलात. फोटो काय, लोक काय. मग सांगायचं कसं? पुढच्या वेळी सांगू, पुढच्या वेळी सांगू, असं करत..."

"दरवेळी तोंडाने नाव घेत होतात," बाई म्हणाल्या. "घ्या, धीमा. मी विचारलंही नव्हतं."

भाऊजी गुडघ्यावरचा पट्टा चाचपत राहिले.

"तेही सोडा. गाई माझ्या, निवड माझी, चष्मा मी लावला नाही. पण त्या दिवशी ती पोर उभी राहून रडत होती. तुम्ही नळावर हात धूत होतात. तुम्हाला माहीत होतं त्या कासा कोणाच्या. मी विचारलं तुम्हाला. आणि तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

भाऊजींना आठवत होतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

बाईंनी कागद उचलला, घडी केली, पिशवीत ठेवला. "गुडघा सांभाळा," म्हणाल्या, आणि निघाल्या. भाऊजी म्हणायचं मात्र त्यांच्या तोंडून राहून गेलं, आणि ते पुन्हा कधी आलं नाही.

तिथून त्या घरी न जाता सरळ शहराच्या बसमध्ये बसल्या. सून आता दूध संकलन केंद्रावर दुधाची तपासणी करत होती. खिडकीपलीकडे पांढरा डगला घालून ती एकेका कॅनमधून नमुना घेत होती. रांग संपेपर्यंत बाई बाकावर बसून राहिल्या. मग त्यांनी खिडकीतून कागद आत सरकवला.

सुनेने तो उभ्याउभ्याच वाचला.

"मी तुझ्यावर आळ घेतला," बाई म्हणाल्या. "तू वाकून बघा म्हणालीस, मी वाकले नाही. माझं चुकलं."

सून काचेच्या नळ्या एकेक करून जागेवर ठेवत राहिली. "त्यांनी तुम्हाला फसवलं, हे वाईटच झालं आई," ती म्हणाली. "पण त्यांनी मला कुठे फसवलं? ते माझे कोण लागत होते? मला वाटलं होतं, तुम्ही माझी बाजू घ्याल. तीन वर्षं तुमच्या गोठ्यात धार काढली मी. तुम्ही गाईच्या बापावर विश्वास ठेवलात, माझ्यावर नाही."

बाईंनी "घरी येशील?" एवढंच विचारलं.

"राहायला नाही. इथे माझं काम आहे, मला ते आवडतं." मग म्हणाली, "भेटायला येईन. हा कागद माझ्याकडे राहू दे. ह्यांना दाखवायचाय. ते बोलत नाहीत, पण त्यांच्याही मनात होतं की चूक माझीच."

बाईंनी कागद दिला.

नंतर डॉक्टरणीने विचारलं, लेखी तक्रार करणार का? बाई दोन दिवस विचार करत होत्या. हे केलं तर त्या माणसाचा परवाना जाणार, हे त्यांना कळत होतं. जिन्यातला तो हात त्यांना अजून जाणवत होता. पण आणखी तेरा गोठ्यांवर तोच डबा जात होता. त्यांनी तक्रार लिहिली आणि स्वतः त्या तेरा गोठ्यांवर जाऊन सांगून आल्या. कोणी हळहळले, कोणी चिडले. एकाने तर कपाळाला हात लावला. "अहो बाई, तुमच्या कालवडी बघूनच कळत होतं की झंझावाताच्या आहेत. आम्हाला वाटलं, तुम्हीच मत बदललंत आणि लाजेने सांगत नाही. म्हणून कोणी विषय काढला नाही." बाईंना हसावं की रडावं कळेना. सगळ्यांना दिसत होतं, आणि ज्यांना सगळं दिसायचं त्यांनाच तेवढं दिसलं नव्हतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई केंद्राच्या रेतन वर्गात जाऊन बसल्या. आजूबाजूला नातवंडांच्या वयाची मुलंमुली. पहिल्या आठवड्यात दंड इतका भरून यायचा की वेणी घालता येईना. पण त्या शिकल्या. धीम्यासारख्या लेकी देणारा दुसरा वळू त्यांनी यादीतून शोधला, दूध जरा बरं असलेला. तेवढी तडजोड त्यांनी या वेळी उघड्या डोळ्यांनी केली. दाराजवळच्या दोन्ही म्हाताऱ्या अजून होत्या. धाकटी दहाव्या वेताची. बाईंनी चष्मा लावला, कांडीवरचा क्रमांक दोनदा वाचला आणि तिला स्वतः भरवलं. ती उलटली. एकवीस दिवसांनी पुन्हा भरवलं, तेव्हा राहिली.

तिला कालवड झाली तेव्हा सून आली होती, सुट्टीच्या दिवशी, नवऱ्यासोबत. वासरू उठायची धडपड करत होतं. सून त्याच्याजवळ बसली, कोरड्या गोणपाटाने त्याचं अंग पुसलं, मग मागून वाकून चारही इवले सड नीट बघितले.

"कशी आहे?" बाईंनी विचारलं. त्या बाजूलाच उभ्या होत्या, पण या वेळी त्यांनी सुनेलाच विचारलं.

"आत्ता काय सांगणार? व्यायला अडीच-तीन वर्षं आहेत," सून म्हणाली. "तेव्हा बघू."

ती दोघं संध्याकाळच्या बसने परत गेली.